देणाऱ्याची हळहळ

उरण,
१० एप्रिल २०२४

कमळताई,

तू म्हणशील, मोबाइलच्या जमान्यात याला पत्राची हुक्की कुठून आली! सांगतो. आपल्या घरात फोन म्हणजे ग्रामसभा. तुझा फोन आला की कल्पिता तो स्पीकरवर टाकते, आई जवळ सरकून बसते, निकेत मागून "आत्या, आत्या" ओरडतो. मी विचारतो, "ताई, कशी आहेस?" आणि तुझ्याआधी आईच सांगते, "बरी हाय ती, तिला काय झालाय?" मग तूही "बरी आहे" म्हणतेस आणि विषय संपतो. जानेवारीत ऑपरेशन झालं, तेव्हापासून मला तुझ्याशी एक वाक्य धड बोलता आलेलं नाही. तुझं लग्न झालं तेव्हा मी शाळेतून तुला पत्रं लिहायचो, आठवतं ना? हे तसंच. निकेत करंजाच्या तरीतून खाडी ओलांडून रेवसला येतोच आहे, त्याच्या हाती देतो.

माझी तब्येत एकदम ठणठणीत. डायलिसिसवर होतो तोवर पाणी औषधासारखं मोजून प्यायलो. आता डॉक्टर म्हणतात, भरपूर प्या. तांब्या तोंडाला लावला की तुझी आठवण येते. तुझी किडनी तुझ्यासारखीच कामसू निघाली, पहाटेच मला उठवते. न्हावा शेवाला जायलाही लागलोय. ट्रेलरवर अजून चढत नाही, नुसता ड्रायव्हर लोकांवर ओरडून येतो.

आता मुद्द्याचं. हनुमान जयंतीला गावची जत्रा, आणि गावकीनं तुझा सत्कार ठरवलाय. साडी, श्रीफळ आणि नाक्यावर बॅनर. तुझा फोटो एवढा मोठा छापलाय की देवाला जागा उरली नाही. चांगला फोटो सापडेना, म्हणून कोणाच्या तरी हळदीतला घेतला; तुझ्या हातात मटणाची प्लेट होती ती कापून टाकली. तर तू यायचं आहेस. सबब चालणार नाही.

तुझा,
धनेश


रेवस,
१६ एप्रिल २०२४

चि. धनेश, तुला खूप आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग पुन्हा वाचलं. तू तांब्यानं पाणी पितोस हे वाचलं, आणखी मला काय पाहिजे?

जत्रेला येणं जमणार नाही रे. पांढरा कांदा काढलाय, अंगणभर पसरलाय. माळा वळायला मीच बसलेय, तुझ्या भावजींना ते जमत नाही, अमिषाला कॉलेज. कांदा माझ्यासाठी थांबणार आहे का? गावकीला सांग, राग मानू नका. साडीसुद्धा नको. मी हल्ली घरात गाऊनच घालते, उकाडा काय कमी आहे?

एक काम कर. आईकडे जाडं मीठ असेल, आपल्या मिठागरात असायचं तसलं. इथं सगळीकडे पिशवीतलं बारीक मिळतं. निकेतबरोबर दोन-तीन शेर पाठव. लोणच्याला हवंय.

गोळ्या वेळेवर घे. माझी काळजी करू नकोस, मी बरी आहे.

ताई


उरण,
६ नोव्हेंबर २०२४

ताई,

भाऊबीजेला अंघोळ करून पाटावर बसून होतो. अमिषा एकटीच आली, हातात करंज्यांचा डबा. म्हणाली, "आईला कणकण आहे." जत्रेला कांदे, राखीला पाऊस, गणपतीला भावजींची रिक्षा बिघडलेली आणि भाऊबीजेला कणकण. ताई, माझा धंदा ट्रेलरचा. सबबी रोज ऐकतो. माझे ड्रायव्हर तुझ्यापेक्षा बऱ्या सबबी सांगतात.

सरळच विचारतो. दिल्याचा पस्तावा होतोय का तुला? कल्पिता म्हणते, ताईंना आता वाटत असेल, उगाच दिली. मी तिला गप्प केलं, पण ते माझ्या मनातून जाईना. अमिषानं तुझ्या वतीनं ओवाळलं. मला रडू आलं, ते निकेतनं बघितलं, म्हणून मी उगाचच चिडून बाहेर निघून गेलो.

माझं म्हणशील तर क्रिएटिनिन थोडं वाढलंय. म्हणजे किडनी जरा कमी काम करते आहे. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात. घाबरण्यासारखं नाही. तू घाबरशील असं दिसतही नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

धनेश


रेवस,
२० नोव्हेंबर २०२४

मामा,

नमस्कार. मी अमिषा. फोन केला असता, पण आमचं घर केवढं, आई सगळं ऐकते. मी लिहिलंय हे तिला सांगू नका.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून आई नीट जेवत नाही. काय झालं विचारलं तर तिनं पत्र माझ्या हातात दिलं आणि मागीलदारी निघून गेली. म्हणून खरं काय ते तुम्हाला सांगते.

आईला दुखतं. ऑपरेशन झाल्यापासून दुखतंय, एक दिवस थांबलेलं नाही. डाव्या कुशीत जिथं कापलंय तिथली कातडी बधिर आहे, चिमटा काढला तरी तिला कळत नाही. पण त्याच्याच कडेला नुसतं कापड घासलं तरी ती भाजल्यासारखी दचकते. परकराची नाडी नेमकी तिथंच येते, म्हणून ती साडी नेसत नाही. सत्काराची साडी तुम्ही पाठवलीत, ती घडी मोडलेली नाही. खोकला आला की उशी कुशीला दाबून धरते. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटते. तरीत चढायचं तर फळीवरून वाकून पाय टाकावा लागतो, त्याची तिला भीतीच बसलीय. कांद्याच्या माळा तिनं वळल्या नाहीत, तिला खाली बसताच येईना. बाबांनी आणि मी वळल्या. आणि जाडं मीठ लोणच्याला नव्हतं. तव्यावर तापवून, फडक्यात बांधून ती कुशीला शेकते. आजोबा मिठागरावरून आले की आजी त्यांच्या पाठीला करायची तसं, म्हणाली.

बाबा तिला बळंच अलिबागला डॉक्टरकडे घेऊन गेले होते, दुखण्याचं सगळं त्यांनीच सांगितलं. सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टाके कधीच सुकलेत, आता मनातून काढून टाका. घरी येऊन आई म्हणाली, "बघ, मी बरीच हाय." आणि दातांत टॉवेल धरून कपडे वाळत घालायला गेली.

आजीनं हॉस्पिटलमध्ये तिच्याकडून काहीतरी कबूल करून घेतलंय. काय ते ती सांगत नाही. पण मामा, तिला पस्तावा नाही. तुमचा फोन येऊन गेला की ती देवाजवळ दिवा लावते, मग भर दुपार का असेना.

अमिषा


उरण,
१ डिसेंबर २०२४

ताई,

मागच्या पत्रात जे लिहिलं ते खाडीत टाक. माझी जीभ लहानपणापासून अशीच, तुला नवीन नाही.

आता मी विचारतो त्याचं खरं उत्तर दे. तुला दुखतं का? मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. आणि आईनं तुझ्याकडून काय कबूल करून घेतलंय?

मुंबईच्या डॉक्टरांना मी परवा विचारलं. ते म्हणाले, किडनी देणाऱ्या काही जणांना असं दुखणं राहतं. कापताना बारीक नसा दुखावतात, वरून टाके सुकले तरी आत त्या ठणकत राहतात. महिने जातात, काहींची वर्षं जातात. मनाचे खेळ नाहीत ते. त्यावर औषध आहे, त्याचे वेगळे डॉक्टर असतात. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, सांगितलं होतं, तुमच्या ताईंनी ऐकून सही केली होती. केली असेल. त्या दिवशी आपण सगळे माझ्याच रिपोर्टकडे बघत होतो ना. तुझ्याकडे कोणाचं लक्ष होतं? मला त्याची लाज वाटते.

तू फक्त हो म्हण, बाकी मी बघतो.

धनेश


रेवस,
१८ डिसेंबर २०२४

चि. धनेश,

अमिषाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

हो, दुखतं. तोंडानं मी हे कोणाला सांगितलेलं नाही. पण लिहिणं म्हणजे काही कण्हणं नव्हे, अशी मी माझ्यापुरती पळवाट काढलीय.

आईचं सांगते. आपलं खाडीकाठचं भात होतं तेव्हाची गोष्ट, तू अगदी लहान होतास. उधाणानं बांध फुटून कोणाचं बियाणं वाहून गेलं की ज्याच्याकडे असेल तो आपल्यातलं द्यायचा. आई हात आखडायची नाही. सुपानं टोपलीत ओतलं की आम्हाला बजावायची, आता त्यांचं भात घरात येईपर्यंत आपल्या घरात कोणी कमी पडलं म्हणून रडायचं नाही. देणाऱ्याची हळहळ लागते, मग ते बी रुजत नाही. एकदा जनीकाकूला दिलेलं उगवलं नाही. आईनं मला बडवलं, कारण पेजेत भात नाही म्हणून मी आदल्या आठवड्यात भोकाड पसरलं होतं. जनीकाकूसुद्धा बरेच दिवस माझ्याकडे तसंच बघायची.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी कण्हत पडले होते. आई तुला काचेतून बघून माझ्याकडे आली आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "कनाला कण्हतेस गो बाय? दिलास ना? आता हळहळू नको, पोराला लागंल." मी मान हलवली. तिच्यावर रागावू नकोस, ती तेव्हा दोन खोल्यांत दोन लेकरं टाकून मधल्या बाकावर बसली होती.

मला कळतं रे, बी वेगळं आणि किडनी वेगळी. मीही शाळा शिकलेय. पण तुझं वाढलंय असं तू लिहिलंस आणि मला आठवलं. नवरात्राच्या आधी मी रेवसच्या धक्क्यावर मासळी घ्यायला गेले होते. गर्दीत एका बाईची टोपली नेमकी माझ्या कुशीवर आपटली. मी ओरडले, चांगली मोठ्यानं. आणि त्यानंतरच तुझं वाढलं.

भाताला कापणी असते. भात घरात आलं की मग रडा, भांडा, काय हवं ते करा. याला कापणी कधी, धनेश? मी कधीपर्यंत गप्प राहायचं?

मला डॉक्टर नको. तुझं ते उतरलं, एवढंच मला कळव.

ताई


उरण,
२० मार्च २०२५

ताई,

उत्तराला फार उशीर झाला. आधी वर्षअखेरीची बंदरावरची कामं, मग शिमगा.

उतरलं. अगदी छान उतरलं. डॉक्टर खूश आहेत. होळीला पुरणपोळी खाल्ली, दुसऱ्या दिवशी कोलंबी. पोरांनी होळी उभी केली, मी खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडले. अक्षर सरकलंय त्याला हसू नकोस, दुसरा हात गुंतलाय, कागद धरायला मोकळा नाही.

तेव्हा आता तुझी शपथ सुटली. पनवेलला दुखण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या महिन्यात. निकेत गाडी घेऊन रस्त्यानं येईल, तरीत चढायला नको. मागच्या सीटवर गादी टाकून आणू तुला, नव्या नवरीसारखी. आता नाही म्हणू नकोस, ताई. माझ्यासाठी ये.

धनेश


रेवस,
४ एप्रिल २०२५

चि. धनेश,

उतरलं! तुझं पत्र तुझ्या भावजींनाही वाचून दाखवलं. त्यांनी पाव किलो पेढे आणले आणि आळीत वाटून आले, जशी काही त्यांचीच किडनी.

म्हणजे बघ, आईचं अगदीच खोटं नव्हतं. डिसेंबरात तुला लिहिल्यापासून मी पूर्वीपेक्षा घट्ट राहिले. शेजारच्या मोरूच्या हळदीला गेले नाही, कोणी ओढून नाचायला नेलं तर तोंडातून आवाज निघायचा म्हणून. खोकला आला तर मागच्या पडवीत जाते. आणि तुझं उतरलं. मग आता डॉक्टरसमोर बसून मी इथं दुखतं, तिथं दुखतं असं सांगायचं? ती हळहळच झाली ना? नाही रे. निकेतला पाठवू नकोस.

माझ्यावर चिडू नकोस. इतके दिवस वाटायचं, फुकटच सोसतेय. आता कशासाठी ते कळलं, तर सोसणं सोपं झालंय. यंदा लावणीला खाचरातसुद्धा उतरेन म्हणते. तू मजेत राहा.

ताई


रेवस,
२ सप्टेंबर २०२५

धनेश,

मी गणपतीत तुमच्याकडे आले होते, हे तुला कल्पितानं सांगितलं असेलच.

तुला न सांगता यायचं ठरवलं होतं. सत्काराची साडी नेसले, परकराची नाडी वर बरगडीवर बांधून. फळीवरून तरीत चढले. करंजाला उतरून रिक्षा केली. दारातच कल्पिता म्हणाली, "अगंबाई, ताई! पण ते तर डायलिसिसला गेलेत, आज त्यांचा वार." तिला वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, शिमग्याच्या आधीपासून नाही का.

मी गणपतीसमोर बसले. आई आतून आली. माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं. म्हणाली, "तुला सांगितला होता. कुठंतरी हळहळलीस गो बाय."

तुझी वाट बघायला मी थांबले नाही. परतीच्या तरीला खाडीच्या मध्यावर लाट लागली, ती आपटली आणि मी कण्हले. मग थांबवताच येईना. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. तरीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, काय होतंय विचारलं. मी म्हटलं, मला दुखतं. साधं दोन शब्दांचं वाक्य, आणि ते एका अनोळखी बाईला सांगितलं.

मी तुझ्यावर रागावलेय. किडनी गेली म्हणून नाही. तिच्यासाठी रडून झालं. पण जिच्यासाठी मी दात आवळून बसले होते ती केव्हाच मेलेली होती आणि तू मला गप्प बसू दिलंस. लावणीला मी चिखलात उतरले. आवणाच्या रोपांची जुडी उचलताना कुशीत असं काही तुटल्यासारखं झालं की बांधावर आडवी झाले. अमिषानं मला ओढत घरी आणलं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तुझं उतरलेलं पुन्हा वाढेल म्हणून.

आणि याहून वाईट सांगू? मला अजूनही वाटतं, आईचं खरं असेल. धक्क्यावर मी ओरडले नसते तर? तूच सांग. मला आणखी एक गोड पत्र नकोय.

कमळ


उरण,
१० सप्टेंबर २०२५

ताई,

नाही. तुझ्या ओरडण्यानं गेली नाही.

डॉक्टरांना मी अगदी याच शब्दांत विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, शरीरानं ती आपली मानली नाही. सुरुवात पावसाळ्यातच झाली होती, रिपोर्टात दिसायला वेळ लागला. तू धक्क्यावर ओरडलीस त्याच्या कितीतरी आधी. त्यानंतर जंतुसंसर्ग झाला आणि उरलीसुरलीही गेली. हे मी आईला त्यांच्याच तोंडून ऐकवलं, फोन स्पीकरवर टाकून. एकदा तरी त्या स्पीकरचा उपयोग झाला.

मी खोटं लिहिलं तेव्हा डाव्या हाताला डायलिसिसची सुई लावलेली होती, म्हणून कागद धरता येत नव्हता. तू म्हणाली होतीस, उतरलं एवढंच कळव. वाटलं, तेवढं वाचलं की तू डॉक्टरकडे येशील. तुझं पेढ्यांचं पत्र आलं आणि माझं धाडसच संपलं. फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. तू चिखलात उतरलीस ते मला तुझ्या पत्रातूनच कळलं. रागावलीस ते बरोबरच आहे, राग जाऊ देऊ नकोस एवढ्यात.

मला दुखतं, ताई. सुई टोचताना दुखतं, घरी आल्यावर पायांत गोळे येतात. पाणी पुन्हा मोजून. तांब्या दिसला की नजर दुसरीकडे वळवतो. हे मी कल्पितालाही बोललो नाही. तुझी वस्तू मला सांभाळता आली नाही, याचं दुखतं ते वेगळंच.

पनवेलच्या डॉक्टरांकडे सोमवारी जायचं आहे. मी स्वतः येतो न्यायला. ते म्हणाले, पूर्ण जाईल असं सांगता येत नाही, कमी होईल. मी तुला जास्त सांगणार नाही, त्यांनी म्हटलं तेवढंच सांगतो.

काल आई ओट्यावर बसून जुन्या लुगड्याचं फडकं दुहेरी करून शिवत होती. त्यात जाडं मीठ भरलं, बाबांच्या पाठीला करायची तशी पुरचुंडी केली आणि निकेतच्या पिशवीत ठेवली. कोणासाठी ते सांगितलं नाही. मी म्हटलं, तिची तिथली कातडी बधिर आहे, भाजलं तरी तिला कळायचं नाही. आई बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. मग म्हणाली, "तिला सांग, पयला गालाला लावून बघ. आणि दुखला तं मोठ्यानं वरड म्हनावा. आता कोनाला लागतंय?"

धनेश